अस्थिवृद्धीचे नियमन

अस्थिवृद्धीचे नियमन म्हणजे वाढत्या वयात हाडे व कूर्चा (कास्थी, उपास्थी) यांची वाढ केव्हा सुरू व्हावी, कोणत्या गतीने व्हावी आणि केव्हा थांबावी हे ठरविणारी शरीरातील यंत्रणा. या यंत्रणेत रक्तातून सर्व शरीरभर फिरणारी संप्रेरके, कूर्चेतच तयार होऊन आसपासच्या पेशींवर काम करणारे स्थानिक संदेशवाहक पदार्थ आणि कॅल्शियमचे आयन असे तीन घटक एकत्र काम करतात. कॅल्शियमची भूमिका दुहेरी आहे. तो हाडाला कठीणपणा देणारा कच्चा माल आहे आणि पेशींच्या आत-बाहेर संदेश पोहोचविणारा दूतही आहे. या यंत्रणेत बिघाड झाल्यास मुडदूस, खुजेपणा, अतिकायता व हाडांची विविध व्यंगे उद्भवतात. यांपैकी अनेक विकार वेळीच ओळखले गेले तर टाळता किंवा आटोक्यात आणता येतात. मात्र वाढीचे वय उलटून गेल्यावर गमावलेली उंची परत मिळवता येत नाही.

हाडाच्या वाढीचे दोन मार्ग

गर्भावस्थेत हाडे दोन प्रकारे तयार होतात. कवटीची चपटी हाडे आणि गळपट्टीच्या हाडाचा बराचसा भाग पातळ पटलसदृश ऊतीत थेट तयार होतो. हातापायांची लांब हाडे, मणके व बरगड्या यांचा साचा मात्र आधी कूर्चेचा बनतो आणि मग त्या कूर्चेच्या जागी हळूहळू हाड येते. जन्मानंतरही लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर शिल्लक राहतो. त्याला वृद्धिपट्टिका म्हणतात. मुलाची उंची वाढते ती प्रामुख्याने या थरामुळे. हाडाची जाडी वाढते ती त्याच्या बाहेरील आवरणाखाली नवे हाड साचत गेल्यामुळे.

सांध्यांमध्ये हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिचे मात्र हाडात रूपांतर होत नाही; ती आयुष्यभर कूर्चाच राहते. एकाच प्रकारच्या पेशींपासून एका ठिकाणी हाड व्हावे आणि दुसऱ्या ठिकाणी होऊ नये, हेही नियमनाचेच काम आहे.

इतिहास

हाड मधल्या भागात ताणले जाऊन वाढत नाही, ते टोकांपाशी वाढते, हे इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविले. त्यांनी कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन बारीक छिद्रे पाडली. पिलू मोठे झाल्यावर हाड लांब झाले होते, पण छिद्रांमधील अंतर तेवढेच राहिले होते. हा प्रयोग त्यांच्या इ.स. १७२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णिलेला आहे. पुढे शल्यविशारद जॉन हंटर (१७२८–१७९३) यांनी डुकरांना मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पतीचे मूळ खाऊ घालून नव्या हाडाला चढणाऱ्या तांबड्या रंगावरून वाढीच्या जागा निश्चित केल्या.

विसाव्या शतकात रासायनिक बाजू उलगडत गेली. इ.स. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांनी मुडदूस बरा होतो हे दाखविले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस टळतो हे सिद्ध केले. या तेलातील गुणकारी घटकाला एल्मर मॅकॉलम यांनी इ.स. १९२२ मध्ये ‘ड’ जीवनसत्त्व असे नाव दिले. इ.स. १९५७ मध्ये सॅमन व डॉहाडे यांना असे आढळले की, वृद्धिसंप्रेरक परीक्षानळीतील कूर्चेवर अपेक्षित परिणाम करीत नाही. तो परिणाम रक्तातील एका मध्यस्थ घटकामार्फत होतो. हाच घटक पुढे इन्सुलिनसदृश वृद्धिघटक–१ (आयजीएफ–१) म्हणून ओळखला गेला.

वृद्धिपट्टिकेची रचना

सूक्ष्मदर्शकाखाली वृद्धिपट्टिकेत एकापुढे एक असे विभाग दिसतात.

राखीव विभाग: हाडाच्या टोकाकडील बाजूस असलेल्या या विभागात कूर्चापेशी विखुरलेल्या व बहुतांशी निष्क्रिय असतात. पुढील पेशींचा हा साठा होय.

विभाजन विभाग: येथे पेशी चपट्या होतात, वेगाने विभागतात आणि नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचल्या जातात. चळतींची दिशा हाडाच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे वाढही त्याच दिशेने होते.

अतिवृद्धी विभाग: येथे पेशींचे विभाजन थांबते व प्रत्येक पेशी फुगू लागते. तिचे आकारमान सुमारे दहापट किंवा त्याहूनही अधिक वाढते. हाडाच्या लांबीतील वाढीचा मोठा वाटा पेशींच्या या फुगण्यातून येतो.

खनिजीभवन विभाग: फुगलेल्या पेशींभोवतीच्या आधारकात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक साचतात. त्यानंतर बहुतेक कूर्चापेशी मरतात, तर काहींचे रूपांतर अस्थिजनक पेशींत होते. मज्जेकडून रक्तवाहिन्या आत शिरतात, अस्थिभक्षक पेशी कूर्चेचा काही भाग काढून टाकतात आणि उरलेल्या कूर्चेच्या सांगाड्यावर अस्थिजनक पेशी हाड रचतात.

वाढीच्या काळात कूर्चा एका बाजूने तयार होत असते आणि दुसऱ्या बाजूने तिचे हाड होत असते. दोन्ही क्रियांची गती जुळलेली असेपर्यंत पट्टिका टिकून राहते आणि हाड लांब होत जाते.

स्थानिक संदेशवाहक

विभाजन सोडून फुगण्यास केव्हा सुरुवात करायची, हा कूर्चापेशीच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. तो ठरविणारी परस्परनियंत्रणाची व्यवस्था इ.स. १९९६ मध्ये उलगडली. फुगण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या पेशी ‘इंडियन हेजहॉग’ नावाचे प्रथिन स्रवतात. त्याच्या प्रभावाने हाडाच्या टोकाकडील पेशी परावटू-संप्रेरकसदृश प्रथिन तयार करतात. हे प्रथिन विभाजन विभागातील पेशींना फुगण्यापासून रोखून धरते. हे प्रथिन पोहोचेनासे होईल इतक्या अंतरावर गेलेली पेशी फुगू लागते आणि पुन्हा ‘इंडियन हेजहॉग’ स्रवू लागते. अशा रीतीने पुढच्या पेशी मागच्या पेशींना ‘अजून थांबा’ असा निरोप पाठवितात व चळतीची लांबी कायम राहते.

परावटू-संप्रेरक आणि हे सदृश प्रथिन या दोहोंसाठी पेशीवर एकच ग्राही असतो. त्या ग्राहीत जनुकीय उत्परिवर्तन होऊन तो कायम चालू राहिला, तर यान्सेनचा विकार होतो. त्यात कूर्चेचे हाडात रूपांतर लांबते, हातपाय आखूड राहतात आणि रक्तातील कॅल्शियमही वाढते. उलट हा ग्राही मुळीच काम करीत नसेल, तर ब्लॉमस्ट्रँडचा विकार होतो. त्यात हाडे वेळेआधीच पक्व होतात व बालक जगू शकत नाही.

दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे एफजीएफआर–३ हा ग्राही. तो कूर्चापेशींच्या वाढीला लगाम घालतो. इ.स. १९९४ मध्ये असे आढळले की, या ग्राहीच्या जनुकातील एका ठरावीक बदलामुळे लगाम सतत ओढलेला राहतो आणि अकॉन्ड्रोप्लेझिया हा खुजेपणाचा सर्वांत सामान्य अस्थिविकार होतो. अशी सुमारे ८० टक्के मुले सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांना होतात. म्हणजेच हा बदल नव्याने उद्भवलेला असतो आणि त्यात आईच्या आहाराचा वा वागण्याचा कोणताही दोष नसतो. सी-प्रकारचे नॅट्रियुरेटिक पेप्टाइड हा नैसर्गिक पदार्थ या लगामाच्या विरुद्ध काम करतो. त्याच्या धर्तीवर तयार केलेल्या व्होसोरिटाइड या औषधाला युरोप व अमेरिकेत इ.स. २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

संप्रेरकांचे कार्य

वृद्धिसंप्रेरक व आयजीएफ–१: मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून वृद्धिसंप्रेरक स्रवते. त्याच्या प्रभावाने यकृतात व खुद्द वृद्धिपट्टिकेत आयजीएफ–१ तयार होते आणि त्यामुळे कूर्चापेशींचे विभाजन व फुगणे वाढते. वृद्धिसंप्रेरक थेट पट्टिकेवरही काम करते. लहानपणी ते कमी पडल्यास खुजेपणा येतो. पट्टिका उघड्या असताना ते अतिरिक्त प्रमाणात स्रवल्यास अतिकायता येते. अमेरिकेतील रॉबर्ट वॅडलो यांची उंची अशाच कारणाने २७२ सेंटिमीटर झाली होती. पट्टिका मिटल्यानंतर हेच संप्रेरक वाढले, तर उंची वाढत नाही; जबडा, हात व पाय मात्र जाड होतात. इ.स. १९८५ पर्यंत उपचारासाठी हे संप्रेरक मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथींतून काढले जाई. त्यातून काही रुग्णांना क्रॉइटझफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य रोग झाल्याचे उघडकीस आल्यावर त्याचा वापर बंद झाला आणि त्याच वर्षी जैवतंत्रज्ञानाने बनविलेले संप्रेरक अमेरिकेत उपलब्ध झाले.

अवटू ग्रंथीची संप्रेरके: कूर्चापेशींच्या पक्वतेसाठी थायरॉईड संप्रेरके आवश्यक असतात. जन्मजात कमतरता असलेल्या बालकाची हाडे वयाच्या मानाने मागे राहतात. त्याहून गंभीर म्हणजे मेंदूची वाढ खुंटते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच रक्ततपासणी करून गोळ्या सुरू केल्यास दोन्ही हानी बहुतांशी टळतात.

लैंगिक संप्रेरके: वयात येताना लैंगिक संप्रेरकांमुळे वृद्धिसंप्रेरकाचे स्रवण वाढते व उंची झपाट्याने वाढते. पट्टिका मिटविण्याचे कामही त्यांचेच आहे आणि मुलगे व मुली दोघांमध्येही ते मुख्यतः इस्ट्रोजेन करते. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते. इ.स. १९९४ मध्ये ज्याचा इस्ट्रोजेन-ग्राही निकामी होता अशा एका २८ वर्षांच्या पुरुषाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती, हाडांचे वय १५ वर्षांचे होते आणि त्याची वाढ अद्याप चालू होती. पुरुषाच्या हाडांनाही पक्व होण्यासाठी इस्ट्रोजेन लागते, हे या एका उदाहरणाने स्पष्ट झाले. अकाली वयात येणारी मुले वर्गात प्रथम सर्वांत उंच दिसतात, परंतु पट्टिका लवकर मिटल्याने अखेरीस ती बुटकी राहू शकतात, त्याचेही कारण हेच.

ग्लुकोकॉर्टिकॉइडे: अधिवृक्क ग्रंथीची ही संप्रेरके अतिरिक्त झाल्यास वाढ मंदावते. दमा, मूत्रपिंडाचे विकार इत्यादींसाठी स्टेरॉईड औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांची उंची नियमितपणे मोजली जाते ती यासाठीच. अशी औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय एकाएकी बंद करणे मात्र धोक्याचे असते.

रक्तातील कॅल्शियमचे संतुलन

प्रौढ शरीरात सुमारे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते. त्याचा सुमारे ९९ टक्के भाग हाडे व दातांत असतो. उरलेला अल्पसा भाग हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे कार्य व रक्त गोठणे यांसाठी अत्यावश्यक असतो. रक्तातील एकूण कॅल्शियम १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या मर्यादेत राखले जाते. ही मर्यादा सांभाळण्यासाठी गरज पडल्यास शरीर हाडातील साठा खर्च करते. म्हणूनच रक्तातील कॅल्शियम योग्य असले तरी हाडे सुदृढ असतीलच असे नाही.

मानेतील परावटू ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम-संवेदी ग्राही असतो. त्याचे जनुक इ.स. १९९३ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. रक्तातील कॅल्शियम किंचितही घटले की, हा ग्राही ते टिपतो व ८४ ॲमिनो आम्लांचे परावटू-संप्रेरक स्रवते. हे संप्रेरक हाडातून कॅल्शियम सोडविते, मूत्रपिंडातून त्याचा अपव्यय थांबविते, फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकते आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला त्याचे क्रियाशील रूप देण्यास मूत्रपिंडाला प्रवृत्त करते. हे क्रियाशील रूप आतड्यातून कॅल्शियम व फॉस्फेट यांचे शोषण वाढविते. अस्थिपेशीही एफजीएफ–२३ नावाचे संप्रेरक स्रवून फॉस्फेटचे प्रमाण आटोक्यात ठेवतात. म्हणजेच हाड स्वतः एक अंतःस्रावी अवयवही आहे.

परावटू-संप्रेरकाचा परिणाम त्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो. ते सतत वाढलेले राहिले तर हाड झिजते. परंतु दिवसातून एकदा अल्पकाळ दिले तर अस्थिजनक पेशी अधिक क्रियाशील होऊन हाड वाढते. या गुणधर्मावर आधारलेले टेरिपॅराटाइड हे औषध वृद्धांच्या अस्थिविरलतेसाठी वापरतात. वृद्धिपट्टिका उघड्या असलेल्या मुलांसाठी ते वापरत नाहीत.

पेशीतील दूत म्हणून कॅल्शियम

पेशीबाहेरील द्रवाच्या तुलनेत पेशीद्रवात कॅल्शियम आयनांचे प्रमाण सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. या प्रचंड फरकामुळे पेशीपटलातील आयनमार्ग क्षणभर उघडला, तरी पेशीच्या आतील कॅल्शियम लक्षणीय वाढते आणि तोच संदेश ठरतो. संप्रेरक पेशीबाहेरील ग्राहीला चिकटल्यावर पेशीतील साठ्यातूनही कॅल्शियम मुक्त होऊ शकते. ते कॅल्मोड्यूलिन या प्रथिनाला जोडले जाते, त्यामुळे पुढील विकरे कार्यान्वित होतात आणि अखेर केंद्रकातील ठरावीक जनुके चालू वा बंद होतात. अस्थिभक्षक पेशी परिपक्व होण्यासाठी लागणारे एनएफएटी–सी१ हे प्रथिनही अशाच कॅल्शियम संदेशाने क्रियाशील होते.

कूर्चापेशींवरही कॅल्शियम-संवेदी ग्राही असतो. उंदरांच्या कूर्चेतून तो काढून टाकल्यास गर्भ जगत नाही. गर्भवाढीच्या उत्तरार्धात काढल्यास वृद्धिपट्टिकेचा विकास लांबतो. वृद्धिपट्टिकेतील पेशींमध्ये टीआरपीएम–७ या आयनमार्गातून कॅल्शियमची पातळी आपोआप वर-खाली होत असते व हाडाच्या वाढीला तिची गरज असते, असे इ.स. २०१९ मध्ये उंदरांवरील संशोधनात आढळले. सी-प्रकारचे नॅट्रियुरेटिक पेप्टाइड हा कॅल्शियमचा प्रवेश वाढविते, असेही पुढील संशोधनातून दिसून आले. कूर्चेवर पडणारा दाब टिपणाऱ्या टीआरपीव्ही–४ या दुसऱ्या आयनमार्गाच्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे माणसात मणक्यांचे व हातापायांच्या हाडांचे विकार होतात.

खनिजीभवन आणि मुडदूस

फुगलेल्या कूर्चापेशींपासून अतिसूक्ष्म पिशव्या सुटतात. त्यांत कॅल्शियम व फॉस्फेट एकवटून पहिले स्फटिक तयार होतात. पायरोफॉस्फेट हा पदार्थ स्फटिक बनण्यास विरोध करतो. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर त्याचे विघटन करते. हे विकर जन्मतः सदोष असल्यास हाडे मऊ राहतात.

मुडदूस या रोगात वृद्धिपट्टिकेतील शेवटचा टप्पा अडतो. ‘ड’ जीवनसत्त्व वा कॅल्शियम कमी पडले की, परावटू-संप्रेरक वाढते आणि त्यामुळे रक्तातील फॉस्फेट घटते. फुगलेल्या कूर्चापेशींना वेळेवर नष्ट होण्यासाठी फॉस्फेटची आवश्यकता असते. ते न मिळाल्याने या पेशी साचत जातात, पट्टिका जाड व वेडीवाकडी होते आणि मऊ हाडे शरीराच्या भाराने वाकतात. मनगटे रुंद होणे, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी येणे, पाय धनुष्याकार होणे किंवा गुडघे एकमेकांना घासणे ही त्याची लक्षणे आहेत. ‘ड’ जीवनसत्त्वाचा ग्राहीच नसलेल्या उंदरांना भरपूर कॅल्शियम व फॉस्फेट असलेला आहार दिला, तर त्यांची वृद्धिपट्टिका सुस्थितीत राहते. यावरून हे जीवनसत्त्व पट्टिकेवर मुख्यतः अप्रत्यक्षपणे, खनिजांच्या पुरवठ्यामार्फत काम करते असे दिसते.

भरपूर ऊन असलेल्या प्रदेशातही मुडदूस होतो. आफ्रिकेतील नायजेरियात मुडदूस झालेल्या मुलांना केवळ ‘ड’ जीवनसत्त्व देण्यापेक्षा कॅल्शियम दिल्याने अधिक गुण आला, असे इ.स. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. भारतातही बंदिस्त राहणी, अंग झाकणारे कपडे, शहरांतील धूर व आहारातील कॅल्शियमची उणीव यांमुळे ही समस्या आढळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इ.स. २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. महाराष्ट्र व गोव्याच्या आहारात दूध, दही, तीळ, पालेभाज्या, काट्यांसह खाल्ले जाणारे लहान मासे आणि नाचणी हे त्याचे चांगले स्रोत आहेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. धान्यातील फायटेट या घटकामुळे त्याचे शोषण कमी होते. नाचणीला मोड आणून सत्त्व करण्याच्या पारंपरिक पद्धतीने फायटेट घटते.

वाढीचे मोजमाप व सामाजिक संदर्भ

पहिल्या वर्षी बाळाची लांबी सुमारे २५ सेंटिमीटरने वाढते. पुढे हा वेग कमी होऊन शाळकरी वयात वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर राहतो आणि वयात येताना पुन्हा वाढतो. यामुळे एका वेळच्या उंचीपेक्षा वर्षभरातील वाढ अधिक बोलकी असते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी इ.स. २०१५ मध्ये सुधारित वाढ-आलेख प्रसिद्ध केले. आलेखावरील आपली रेषा सोडून मूल खाली घसरू लागल्यास तपासणी आवश्यक मानली जाते.

डाव्या हाताच्या पंजाच्या व मनगटाच्या क्ष-किरण छायाचित्रावरून हाडांचे वय ठरवितात. या चाचणीचा उपयोग न्यायालयांतही होतो. तथापि आहार, आजार व संप्रेरके यांनुसार पट्टिका मिटण्याचा काळ बदलत असल्याने तिच्यात चूक संभवते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९८२ मध्ये जया माला खटल्यात ही चूक दोन्ही बाजूंना दोन वर्षांपर्यंत असू शकते असे नमूद केले. इ.स. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार वय ठरविण्यासाठी शाळेचा दाखला, मंडळाचे प्रमाणपत्र वा जन्मदाखला यांना प्राधान्य आहे. ते उपलब्ध नसल्यासच हाडांची चाचणी केली जाते.

मुलींमध्ये साधारणतः १४ ते १६ आणि मुलग्यांमध्ये १६ ते १८ वर्षांच्या सुमारास बहुतेक लांब हाडांच्या पट्टिका मिटतात. त्यानंतर कोणतेही चूर्ण, गोळी, आसन वा लोंबकळण्याचा व्यायाम हाडाची लांबी वाढवू शकत नाही; कारण ज्या कूर्चेवर त्याचा परिणाम व्हायचा ती कूर्चाच उरलेली नसते. उंची वाढविण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती या साध्या शारीरिक सत्याशी विसंगत असतात. हाडांची घनता मात्र उंची थांबल्यानंतरही काही वर्षे वाढत राहते. किशोरवयात व तरुणपणी मिळालेला पुरेसा आहार, ऊन आणि व्यायाम यांनी साठविलेले हाड हीच उतारवयातील अस्थिभंगापासून रक्षण करणारी पुंजी ठरते.

हे सुद्धा पहा

कूर्चा
परावटू ग्रंथी
पीयूषिका ग्रंथी
मुडदूस
‘ड’ जीवनसत्त्व
अस्थिविरलता